सुरी हातात धरून घ्यावी, दगड आकडा पाहून

स्वयंपाकघरातील विळी आणि सुरी यांची निगा कशी राखावी, याविषयी गेल्या अंकात या सदरात थोडे लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये निगेपेक्षा खरेदीचेच प्रश्न अधिक निघाले. सुरी आणि धार लावण्याचा दगड मोबाइलवरून मागवावा की दुकानात जाऊन घ्यावा, हा त्या सगळ्यांचा रोख आहे. त्यांतील निवडक पत्रे आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : आमच्या घरी विळीवर चिरण्याची पद्धत आहे, पण गुडघ्यांच्या त्रासामुळे आता ओट्याशी उभे राहून सुरीने चिरावे लागते. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, ऑनलाइन चांगल्या सुऱ्या निम्म्या किमतीत मिळतात, मागवून देतो. यजमान म्हणतात, लोखंडाची वस्तू पाहिल्याशिवाय घेऊ नये. गावातल्या भांड्यांच्या दुकानात मात्र दोन-तीनच प्रकार आहेत. काय करावे?
— एक गृहिणी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : या वादात मी तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे, मात्र त्यांचे कारण मला थोडे बदलावेसे वाटते. पोलाद चांगले की वाईट, हे नुसत्या डोळ्यांना दुकानातही कळत नाही आणि पडद्यावरही कळत नाही. दुकानात जे कळते ते हाताला कळते, आणि ज्यांना आयुष्यभर विळीची सवय आहे त्यांच्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. सुरी मुठीत धरून दुकानाच्या लाकडी फळीवर चिरल्यासारखी वरखाली करून पाहा. पाते अरुंद असेल, तर मुठीखाली बोटांना जागा उरत नाही आणि प्रत्येक वेळी पेरे फळीवर आपटतात. ही अडचण छायाचित्रात कधीच दिसत नाही. मूठ ओल्या हातातून निसटेल इतकी गुळगुळीत आहे का, रिबिटा बोटाला टोचतात का, मूठ आणि पाते यांच्या सांध्यात फट आहे का, हेही तिथेच पाहावे. अशा फटीत कांद्या-टोमॅटोचा रस साचतो आणि ती पुढे स्वच्छ करता येत नाही. मग सुतार पट्टीची सरळ रेघ पाहतो तशी सुरी डोळ्यासमोर धरून पाठीकडून टोकाकडे नजर टाकावी. पाते वाकलेले किंवा पिळलेले असेल तर ते लगेच लक्षात येते, आणि असे पाते दगडावर कधीही सारखे घासले जात नाही.

आता पोलादाविषयी. भांडी घेताना चुंबक चिकटला तर माल हलका, असा आपल्याकडे समज आहे आणि अनेक जण खिशात चुंबक घेऊन भांड्यांच्या दुकानात जातात. सुरीच्या बाबतीत हा हिशेब उलटा आहे. डबे-पातेल्यांसाठी वापरतात ते सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेले स्टेनलेस स्टील चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही, परंतु ते तापवून पाण्यात किंवा तेलात विझवले तरी कडक होत नाही, म्हणून त्याला टिकाऊ धार धरता येत नाही. पाणी दिलेले, म्हणजे तापवून कडक केलेले, सुरीचे पोलाद चुंबकाला घट्ट चिकटते. तेव्हा चुंबक अवश्य न्यावा आणि जिला तो चिकटणार नाही ती सुरी ठेवून द्यावी. चिकटला म्हणजे सुरी उत्तमच, असेही नाही. एवढेच, की धार धरण्याची शक्यता तिच्यात आहे.

याच्या पुढची माहिती वेष्टनावर किंवा ऑनलाइन वर्णनात मिळते. ‘जर्मन स्टील’, ‘सर्जिकल स्टील’, ‘हाय कार्बन’ या शब्दांना किंमत देऊ नये, कारण त्यांवरून कार्बन किती आणि कडकपणा किती हे काहीच समजत नाही. पोलादाचे नेमके नाव दिलेले असेल तर ते मात्र उपयोगी असते. उदाहरणार्थ, ‘एक्स ५० सीआरएमओव्ही १५’ या नावात सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम, शिवाय थोडे मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असल्याचे सांगितलेले आहे. युरोपातील बऱ्याच घरगुती सुऱ्या याच पोलादाच्या असतात. कडकपणा रॉकवेल मापात देतात: अशा सुऱ्यांचा तो साधारण ५४ ते ५८ असतो, तर जपानी घाटाच्या अनेक सुऱ्यांचा ६० किंवा त्याहून अधिक. आकडा मोठा म्हणून माल चांगला, असे समजून मुलगा ६२चा आकडा शोधून काढील, पण अशी सुरी आपल्या घरात टिकणे अवघड आहे. गुळाची ढेप फोडायला, नारळाची शेंडी सोलायला, मक्याचे कणीस तोडायला हाताशी येईल ती सुरी उचलली जाते, आणि फार कडक पातळ पात्याचे त्यात टवके उडतात. ५५ ते ५७ या कडकपणाची सुरी लवकर बोथट होते हे खरे, पण ती तितक्याच लवकर पुन्हा धारेवर आणता येते.

राहिला प्रश्न निम्म्या किमतीचा. ऑनलाइन खोडून दाखवलेली किंमत ही छापील कमाल किंमत असते, आणि त्या किमतीला दुकानदारही सहसा विकत नाही. तुलना करायची तर प्रत्यक्ष द्याव्या लागणाऱ्या रकमांची करावी, त्यात पोहोचवण्याचा खर्च धरावा आणि तीच बनावट, तेच मापाचे पाते आहे ना, हे पाहावे. सेलूत निवड कमी असेल, तर परभणीला किंवा छत्रपती संभाजीनगरला काही कामाने जाणे होईल तेव्हा गुलमंडीच्या परिसरात एक फेरी मारावी. एखादी सुरी हातात धरून पसंत केली आणि तिची कंपनी व क्रमांक टिपून घेतला, की पुढची तशीच सुरी मुलाने पुण्याहून मागवायला माझी हरकत नाही. दुकानदाराचा वेळ घेऊन केवळ आकडा टिपण्यासाठीच जाणे मात्र बरे दिसत नाही. निदान पहिली सुरी तरी त्याच्याकडूनच घ्यावी.

सुरीबरोबर लाकडी फळी घ्यायला विसरू नका. कडप्प्याच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरले, तर कितीही चांगली धार काही दिवसांतच दुमडते.

प्रश्न : माझी खानावळ आहे. रोजचा कांदा, टोमॅटो, कोबी चिरायला चार सुऱ्या लागतात. धार लावणारे सायकलवाले आता क्वचितच येतात, आणि शेवटी आले त्यांनी विजेच्या मोटारीवर फिरणाऱ्या चाकावर धार लावली तेव्हा एका सुरीच्या कडेवर निळसर डाग पडला. म्हणून ऑनलाइन ‘३०००/८०००’ असे लिहिलेला दगड मागवला. त्यावर घासून सुरी आरशासारखी चमकते, पण टोमॅटोच्या सालीवरून घसरते. हार्डवेअरच्या दुकानात काळा दगड मिळतो, त्यावर काही आकडाच नाही. योग्य दगड कोणता आणि कुठून घ्यावा?
— एक खानावळचालक, लातूर

उत्तर : तुमचा दगड वाईट असेलच असे नाही, तो चुकीच्या टप्प्यावर वापरला गेला आहे. दगडावरचा आकडा जितका मोठा, तितके त्यातील कण बारीक. जपानी मोजणीप्रमाणे १०००च्या दगडातील कण साधारण ११ ते १४ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ६०००च्या दगडातील सुमारे २ मायक्रॉनचे असतात. इतक्या बारीक दगडाने बोथट सुरीचे पोलाद झिजतच नाही म्हटले तरी चालेल. दोन्ही बाजूंचे खांदे, म्हणजे धारेलगतचे उतार, चकचकीत होतात आणि मधली बोथट कड तशीच राहते. शिवाय तुमच्या खानावळीतल्या मध्यम कडकपणाच्या सुऱ्यांना ८०००पर्यंत नेण्यात अर्थ नाही. टोमॅटोच्या सालीला किंचित खरखरीत धार लागते, आणि ती १०००च्या दगडावर येते.

म्हणजे दोनच दगड पुरेत. पहिला काळा दगड, जो तुम्हाला दुकानात दिसला. तो सिलिकॉन कार्बाइडचा असतो. एडवर्ड अॅचिसन या अमेरिकी संशोधकाने १८९१मध्ये हा पदार्थ तयार करून त्याला कार्बोरंडम हे नाव दिले, आणि आपल्याकडे चेन्नईची कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी १९५४पासून या क्षेत्रात आहे. भांड्यांच्या दुकानात तो शोधू नका. तुमच्या लातुरातल्या गंजगोलाईच्या भोवतालच्या रस्त्यांवर सुतारकामाची हत्यारे मिळतात त्या दुकानात पटाशी आणि रंध्याच्या पात्यांसाठी तो ठेवलेला असतो. ८ इंच लांब, २ इंच रुंद आणि १ इंच जाड, एक बाजू भरड आणि दुसरी मध्यम, असे त्याचे नेहमीचे माप आहे. हा दुकानातूनच घ्यावा, कारण वजनदार दगड कुरिअरच्या प्रवासात कोपऱ्यावर फुटतो, आणि सपाटी तपासायची तर दुकानात त्यावर स्टीलची पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून उजेड येतो का, एवढे पाहिले की झाले. टवका उडालेल्या सुरीसाठी आणि फारच बोथट झालेल्या धारेसाठी तो उत्तम आहे.

दुसरा, १०००चा दगड, ऑनलाइन मागवावा असे मी सांगेन. जिल्ह्याच्या ठिकाणीही तो सहज मिळत नाही आणि मिळाला तरी दुकानदाराला आकड्याविषयी सांगता येत नाही. मात्र नाव नसलेल्या, एकाच छायाचित्रावर पाच विक्रेते विकत असलेल्या दगडाच्या वाटेला जाऊ नये. उत्पादकाचे नाव, कण कशाचे आहेत आणि आकडा कोणत्या मोजणीचा आहे, या तीन गोष्टी वर्णनात असल्या पाहिजेत. मोजणीचा मुद्दा क्षुल्लक नाही: पॉलिश पेपरच्या युरोपीय मोजणीत ‘पी १०००’ म्हणजे सुमारे १८ मायक्रॉनचे कण, म्हणजे त्याच आकड्याच्या जपानी दगडापेक्षा बरेच भरड. बारीक कणांच्या दगडांचे अभिप्राय वाचताना ‘सुंदर पॅकिंग, लवकर मिळाला’ ही वाक्ये सोडून द्यावीत आणि दगड वापरून मधोमध खोलगट झाला का, भिजल्यावर चिकट गाळ सुटतो का, दोन दगड चिकटवून केलेल्या जोड दगडाची सांध्याची फट उघडली का, असे लिहिणाऱ्यांकडे लक्ष द्यावे. हिऱ्याच्या कणांची पोलादी पट्टी हा आणखी एक पर्याय आहे. ती हलकी असल्याने टपालाने सुखरूप येते आणि खोलगटही होत नाही, परंतु स्वस्त पट्ट्यांवरील कण लवकर निघून जातात.

वापराविषयी थोडे सांगितल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. पात्याची रुंदी ४० मिलिमीटर असेल, तर पाठ दगडापासून सुमारे १० मिलिमीटर उचलली की कोन १५ अंशांच्या आसपास येतो आणि १४ मिलिमीटर उचलली की २० अंशांच्या. खानावळीच्या वापराला २० अंश बरा. कोन साधला की नाही हे कळत नसेल, तर कडेला मार्कर पेनाची शाई लावून दोन-चार हात घासावे. शाई कडेपर्यंत गेली नसेल तर पाठ आणखी थोडी उचलावी. एका बाजूने घासत राहिल्यावर पलीकडच्या बाजूला, अंगठा पाठीकडून धारेकडे हलकेच नेल्यास, खरखर लागते. ती खरखर टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या बाजूपासून, टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलू नये. बहुतेक लोक इथेच घाई करतात आणि मग दगडाला दोष देतात.

काळ्या दगडावर तेल वापरायचे असेल, तर घरातले करडईचे किंवा जवसाचे तेल कटाक्षाने टाळावे. ही तेले हवेत सुकून चिकट थर धरतात आणि दगडाची भोके बुजवतात. आपल्या भागात घरोघरी करडई असल्याने अनेक चांगले दगड असे वाया गेलेले दिसतात. शिलाई यंत्राचे पातळ तेल चालते, पण खाद्यपदार्थांच्या सुरीसाठी मी पाणीच सुचवीन. वाटीभर पाणी पुरते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या लातूरच्या पाण्याचीही अडचण येऊ नये. दगड खोलगट झाला की सपाट काचेवर किंवा टाइलवर भरड वॉटर पेपर पसरून, दगडावर पेन्सिलने चौकटी आखून, त्या पुसल्या जाईपर्यंत तो पाण्यात घासावा.

आता तुमच्या निळ्या डागाविषयी. पोलाद साधारण २९० ते ३०० अंश सेल्सिअसला तापले की निळे पडते, आणि घरगुती सुरीला पाणी दिल्यानंतर तिला सहसा यापेक्षा कमी उष्णतेवर शेक दिलेला असतो. म्हणजे डाग पडला तेवढ्या भागाचा कडकपणा उतरला. तो भाग भरड दगडावर घासून काढला आणि आत चांगले पोलाद लागले, तर सुरी वाचते. यापुढे मोटारीच्या चाकावर द्यायचीच असेल, तर पाते वारंवार पाण्यात बुडवायला सांगावे.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या सुरीच्या वर्णनात पोलादाचे नाव आणि २० सेंटिमीटरचे पाते लिहिले होते. आलेल्या सुरीचे पाते १७ सेंटिमीटर आहे आणि पोलादाचा उल्लेख कुठेच नाही. विक्रेता म्हणतो, सुरी ‘परत न घेण्याच्या’ यादीत आहे. दुकानातून घेतली असती तर हे झाले नसते, असे घरचे ऐकवतात. दाद कुठे मागावी?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : विक्रेत्याची यादी कायद्याहून मोठी नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. प्रथम त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार नोंदवावी. तिची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. वर्णनाच्या पानाचे छायाचित्र आजच काढून ठेवा, कारण विक्रेते ते नंतर बदलू शकतात, आणि पात्याला मोजपट्टी लावून सुरीचेही छायाचित्र घ्या. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्याही पुढे जायचे झाल्यास, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्हाला बीडच्या पलीकडे जावे लागणार नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

घरच्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. दुकानात पाते मोजून घेता आले असते हे खरे, पण पोलादाचे नाव तिथेही बहुधा कोणी सांगितले नसते. शिवाय आपण दुकानात पक्के बिल मागत नाही, आणि बिल नसले की पुढचे सगळेच अवघड होते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावलेल्या दुकानदारालाही सदोष वस्तू, बिलावर वेगळी मुदत नसेल तर ३० दिवसांच्या आत, परत घेण्यास नकार देणे याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवले आहे.

प्रश्न : पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेल्या ‘दमास्कस’ सुऱ्या ऑनलाइन स्वस्तात दिसतात. त्या खऱ्या असतात का? की त्यापेक्षा यात्रेत घिसाडी कारागिरांकडून सुरी करून घ्यावी?
— एक वाचक, धर्माबाद (जि. नांदेड)

उत्तर : स्वस्त सुरीवरची नक्षी बहुधा लेसरने किंवा आम्लाने वरवर कोरलेली असते. दगडावर दोन-चारदा धार लावली की धारेजवळची नक्षी पुसली जाते आणि पुन्हा कशानेही वर येत नाही. महागड्या सुऱ्यांवर जी खरी नक्षी असते ती दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून आणलेली असते. तिथेही कापण्याचे काम मधला एकच थर करतो आणि नक्षी शोभेची. ज्या जुन्या तलवारींमुळे हे नाव गाजले, त्यांचे पोलाद याहून निराळे होते. ते मुशीत वितळवून केलेले असे आणि त्याची एक प्रसिद्ध जागा तुमच्या शेजारीच, आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे गाव, होती. तिथले पोलाद घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत असत. त्या वारशाचे नाव आज कुठल्याही कोरलेल्या पत्र्याला लावले जाते, याची थोडी चीड येते.

घिसाडी कारागिरांविषयी मी मोकळेपणाने शिफारस करीन. माळेगावच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारात त्यांच्याकडची विळी, कोयता आणि जाड पात्याची सुरी घ्यावी. ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद त्यांनी वापरले असेल, तर ते स्प्रिंगचे असल्याने चिवट असते आणि त्याला चांगले पाणी देता येते. पाणी फक्त धारेला दिले की सगळ्या पात्याला, हे विचारावे, ते सांगतात. हे पोलाद गंजते, तेव्हा लिंबू-चिंच चिरल्यावर लगेच धुऊन, कोरडे पुसून, तेलाचे बोट फिरवावे. पातळ कापांसाठी लागणारी हलकी सुरी मात्र त्यांच्याकडे मिळेलच असे नाही.

प्रश्न : १० इंची पात्याची सुरी ऑनलाइन मागवली तर शस्त्र कायद्याची अडचण येते का?
— एक वाचक, जालना

उत्तर : शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, परंतु घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. स्वयंपाकाच्या सुरीला त्यामुळे अडचण नाही. ती घरी आणताना मात्र वेष्टनात आणि बिलासह आणावी, आणि विमानाने येणार असाल तर हातातल्या पिशवीत न ठेवता सोपवायच्या सामानात ठेवावी.